बेरियमच्या आधीचा फोटो

भोरच्या एका खाजगी दवाखान्यात मी एक्स-रे काढायला लागले, तेव्हा फोटो अजून औषधाच्या पाण्यात धुवावे लागत. आता सगळं कॉम्प्युटरवर दिसतं. तेव्हा एक्स-रेच्या खोलीला लागून एक लहानशी डार्करूम होती. आत एक लाल बल्ब, तीन टाक्या आणि फोटो वाळत घालायची दोरी. फोटो धुवायच्या औषधांचा, डेव्हलपर-फिक्सरचा आंबट वास माझ्या साडीला इतका बसला होता की भाटघरला घरी गेल्यावर माझी लेक आधी नाक मुरडायची आणि मग जवळ यायची.

मोठ्या आतड्याची बेरियमची तपासणी तेव्हाही कमीच व्हायची, महिन्यातून एखादी. ज्यांना पुण्याला जाऊन दुर्बीण घालून घेणं झेपणार नाही, अशा म्हाताऱ्या माणसांना आमचे डॉक्टर ती लिहून देत. रेडिओलॉजिस्ट सर पुण्याहून फक्त गुरुवारी यायचे, म्हणून बेरियमही गुरुवारीच. माणसाला दोन दिवस पातळ खाण्यावर ठेवायचं, आदल्या दिवशी एरंडेल पाजायचं, सकाळी एनिमा देऊन पोट धुऊन काढायचं. मग टेबलावर डाव्या कुशीवर निजवून मागून नळी घालायची आणि स्टँडला टांगलेल्या भांड्यातलं पांढरं बेरियम हळूहळू आत सोडायचं. आतडं साध्या एक्स-रेत नीट दिसत नाही. बेरियम भरत जाईल तसतसं ते पडद्यावर उमटत जातं.

पण त्याआधी, नळी घालायच्या आधी, पोटाचा एक साधा फोटो काढायचा असतो. पोट नीट साफ झालंय ना, एवढंच बघायला. त्या फोटोकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. मीही देत नसे.

त्या दोघी हिर्डोशीच्या वरच्या एका वाडीतून आल्या होत्या. मार्गशीर्ष होता, भात झोडून झालं होतं. सकाळच्या एसटीचा भरवसा नव्हता म्हणून त्या आदल्या दिवशीच येऊन वॉर्डात राहिल्या होत्या. जिची तपासणी होती ती आजी सत्तरीच्या पुढची, काटकुळी, केस सगळे पांढरे आणि चापून बसवलेले. बरोबरची बाई तिच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, अंगानं भरलेली, कपाळाला मोठं गोंदण. ती आजीला ‘आक्का’ म्हणत होती, म्हणून मी तिला बहीण समजले. नंतर कळलं की ती आजीची सवत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. सवतीची मुलं पुण्याकडे कामाला होती आणि वाडीवरच्या घरात या दोघीच राहत होत्या.

डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की पोटात बेंबीखाली डावीकडे कडक गोळा लागतो, तीन महिन्यांपासून शौचाला खडा होतो, कधी चार-चार दिवस होतच नाही. सोनोग्राफी झाली होती, पण त्यात गोळ्याच्या जागी नुसती काळी सावली आली होती. आतलं काही दिसलं नव्हतं. गोळा आतड्याचाच आहे का, ते बघायचं होतं. असं वाचलं की आमच्या मनात एकच येतं, आणि त्याचं नाव आम्ही पेशंटसमोर घेत नाही.

मी आजीला टेबलावर उताणं निजवलं. दवाखान्याचा हिरवा गाऊन तिच्या अंगावर नुसता पसरल्यासारखा दिसत होता. फोटोसाठी जागा बघायला मी तिच्या पोटावर हात ठेवला, तर चिठ्ठीत लिहिलेलं हाताला लागलं. नारळाएवढं, पण एकसारखं गोल नव्हे. एका बाजूला गरगरीत, दुसरीकडे निमुळतं. आणि दगडासारखं घट्ट. इतके गोळे हाताला लागले होते, पण असा कधी लागला नव्हता.

आजीनं माझं मनगट धरलं. जोरात नाही, नुसतं थोपवल्यासारखं.

“बाई, डाव्या अंगाला जरा जपून,” ती म्हणाली. “तितं निजलंय.”

म्हातारी माणसं टेबलावर काहीबाही बोलतात. भूक असते, एरंडेलानं गळून गेलेली असतात. मी बरं म्हटलं, श्वास धरायला सांगितलं, बटण दाबलं आणि टेबलाखालची फिल्मची कॅसेट घेऊन डार्करूममध्ये गेले.

लाल उजेडात फोटो डेव्हलपरमध्ये हलवत राहिलं की आधी काही दिसत नाही, मग एकदम दिसू लागतं. आधी मणका आला. मग कमरेची हाडं, म्हातारपणानं विरळ झालेली. मग डावीकडे, मणक्याच्या शेजारी, आणखी एक मणका आला.

तो बारीक होता, वाकलेला. मी फोटो वर धरला. मण्यांची एक माळ कोयत्याच्या पात्यासारखी वळलेली, तिला दोन्हीकडून काड्यांसारख्या फासळ्या. खाली, आजीच्या कमरेच्या हाडात टेकलेली, एक कवटी. कवटीची हाडं एकमेकांवर चढलेली होती. पोटाशी दुमडलेले पाय. सगळ्याभोवती अंड्याच्या टरफलासारखी एक पांढरी कड.

माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती चुकीची. कॅसेट दोनदा वापरली गेली, असं मला वाटलं. कधीकधी घाईत तसं होतं, एका फोटोवर दुसरा चढतो. पण त्या सकाळी मी एकाही लहान मुलाचा फोटो काढलेला नव्हता. आणि इतक्या लहान मुलाचा तर मी कधीच काढलेला नव्हता. मी फोटो फिक्सरच्या टाकीत सोडला. भिंतीपलीकडून आजीचा आवाज येत होता. ती कुणाशी तरी हळू बोलत होती. खोलीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

मी नवी कॅसेट घेतली, नवी फिल्म भरली आणि बाहेर आले. आजीला म्हटलं, फोटो हलला, परत काढू. तिनं आपणहून श्वास धरला.

दुसऱ्या फोटोतही तेच आलं. तसंच वाकलेलं, त्याच जागी.

सर नसरापूरच्या फाट्यावर अडकले होते, तासाभरानं आले. चहा नको म्हणाले आणि ओला फोटोच व्ह्यू बॉक्सच्या उजळ काचेला लावला. तीस-पस्तीस वर्षं ते हेच काम करत होते आणि फोटोवर त्यांची नजर कधी रेंगाळायची नाही. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग पहिला फोटोही मागितला. दोन्ही शेजारी शेजारी लावून ते उभे राहिले. शेवटी म्हणाले की हे त्यांनी पुस्तकात एकदा पाहिलंय. गर्भ पिशवीच्या बाहेर, पोटातच वाढतो, तिथेच मरतो, बाहेर यायला वाट नसते. मग शरीर त्याच्याभोवती चुना चढवत जातं आणि त्याचा दगड होतो. बाईला पुढे काही न होता ते तसंच आत राहतं.

“किती वर्षं?” मी विचारलं.

“तिलाच विचारू,” सर म्हणाले.

आम्ही खोलीत गेलो. सवत दाराशी येऊन उभी होती. सरांनी स्टूल ओढलं, आजीच्या डोक्याशी बसले आणि नेहमीचे प्रश्न विचारायला लागले. भूक कशी, वजन उतरलं का, रक्त पडतं का. मग त्याच आवाजात विचारलं की आजी, तुम्हाला मुलं किती.

“येक,” आजी म्हणाली.

दारातून सवतीनं सरांना दिसेल अशी मान हलवली. नाही, एकही नाही.

“कुठं असतं?”

आजीनं गाऊनवरून डाव्या बाजूला हात ठेवला. चेहऱ्यावर काही फरक नाही. गावाचं नाव सांगावं तसं.

  फोटो अजून आत ओला होता. तिनं तो पाहिलेला नव्हता, आम्ही तिला काही सांगितलेलं नव्हतं.

बेरियम करायचं की नाही, यावर सर बाहेर जाऊन थोडा वेळ विचार करत उभे होते. मग म्हणाले की करू. आतडं खराब आहे की नुसतं दाबलं गेलंय, हे कळल्याशिवाय पुढचं ठरवता येणार नाही. मी कोमट पाण्यात बेरियम कालवलं, भांडं टांगलं, दोघांनी शिशाचे ॲप्रन चढवले. सवतीला बाहेर बसायला सांगितलं, पण तिनं दार पुरतं लावू दिलं नाही.

आजीला डाव्या कुशीवर निजवताना तिनं आपला तळहात पोटाखाली घातला, टेबलाचा कठीणपणा आतल्याला लागू नये म्हणून. मी पाहिलं आणि तिथे एक घडी केलेली चादर सरकवली. तसं करायची काही गरज नव्हती. पण केलं.

नळी घातली, ती निसटू नये म्हणून तिच्या टोकाचा फुगा फुगवला, चिमटा सैल केला. खोलीत अंधार केला होता, फक्त पडदा उजळलेला. बेरियम आत शिरलं की पडद्यावर ते काळ्या धारेसारखं दिसतं, फोटोत मात्र पांढरं येतं. धार सरळ वर चढली आणि मग थांबली. सरांनी भांडं थोडं वर घ्यायला सांगितलं. मी स्टँड चढवला. धार तिथेच फुगत राहिली. मग अगदी बारीक होऊन ती उजवीकडे वळली आणि कवटीच्या कडेनं, मानेच्या कडेनं, पाठीच्या बाकाच्या कडेनं जायला लागली. आतडं त्या मुलाला वळसा घालून गेलेलं होतं. पन्नास वर्षं, असं नंतर सवतीच्या सांगण्यावरून कळलं, ते तसंच वळसा घालून राहिलं होतं. बेरियम जसं पुढे सरकत गेलं तशी मुलाची सगळी बाहेरची रेघ पडद्यावर उठून आली. साध्या फोटोतल्यापेक्षाही स्पष्ट.

“दुखतंय का?” सरांनी विचारलं.

आजी म्हणाली की दुखत नाही, गार लागतंय. बेरियम कोमट होतं. मी स्वतः हाताला लावून बघितलं होतं.

मग तिला पालथं करावं लागलं, एक फोटो पालथ्या अंगानं हवा असतो. पोटाखाली नवी कॅसेट सरकवली, चादर काढावी लागली. आजीनं हळूहळू अंग टेकवलं. तेव्हा टेबलावर एक आवाज झाला. मोठा नाही. मातीचं बोळकं फरशीवर ठेवल्यावर होतो तसा. तिच्या अंगावर एक दागिना नव्हता, बांगड्यासुद्धा मी आधीच उतरवून घेतल्या होत्या. मी सरांकडे पाहिलं. सर पडद्याकडेच बघत होते, पण त्यांचा पाय पडदा चालू करायच्या पेडलवर थांबलेला होता. त्याबद्दल आम्ही पुढे कधी बोललो नाही. त्यामुळे तो आवाज त्यांनीही ऐकला का, हे मला ठाऊक नाही.

तपासणी संपली. आजी संडासाला जाऊन आली, शेवटचा फोटो झाला, फोटो दोरीवर वाळायला टाकले. सर रिपोर्ट लिहायला बसले. बाहेर बाकावर सवत बसली होती. मला बघून तिनं सरकून जागा केली. मी बसले, आणि मी काही विचारायच्या आधीच तिनं सांगायला सुरुवात केली. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे.

आजीचं माहेर वेल्ह्याकडचं. लग्न होऊन आली आणि दोन वर्षांनी दिवस राहिले. आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या. दोन दिवस राहिल्या आणि गेल्या. मूल आलं नाही. सुईणीनं हात घालून बघितलं आणि सांगितलं की पिशवी रिकामी आहे, आत काही नाहीच, पोरीनं पोटात नुसतं वारं धरलं होतं. पोट हळूहळू बसलं. पाळी परत सुरू झाली. सासू म्हणाली, लबाड आहे, आठ महिने बसून खाल्लं. आजी मात्र एकच सांगत राहिली की लेकरू आत आहे, वाट चुकलंय. तेव्हा तिला बाधा झाली असं ठरलं. वेल्ह्याकडच्या एका देवऋष्याकडे तिला पाच अमावस्या नेलं. त्यानं तिच्याकडून मूल नाही असं म्हणवून घ्यायचा प्रयत्न केला. लिंबाचा पाला झाला, धुरी झाली, मार झाला. पण तिनं तसं म्हटलं नाही. मग नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, आणि ही आली.

“वाडीत समदी तिला वाऱ्याची आई म्हनायची,” सवत म्हणाली. “म्या बी म्हनलंय. तोंडावर म्हनलंय.”

नंतरचं ती खालच्या आवाजात बोलली. तिला स्वतःला दिवस गेले तेव्हा आक्का तिच्या पोटावर हात ठेवायची आणि सांगायची की आज याचं डोकं वर आहे, आज आडवं झालंय. ते बरोबर निघायचं. सुईणसुद्धा आधी आक्काला विचारायची. हिची मुलं झाली ती आक्काच्याच पोटावर निजायची. हिच्या कुशीत रडायची, तिकडे नेलं की गप्प. मोठी लेक तीन-चार वर्षांची होती तेव्हा आक्काच्या पोटाला कान लावून पडायची. एकदा ही भाकऱ्या थापत असताना ती आत आली आणि म्हणाली की आई, आक्काच्या आत कुणीतरी खडे खेळतंय. हिनं पोरीला चापट मारली. मग बरेच दिवस पोरीला तिकडे जाऊ दिलं नाही. पण पोरगी जायचीच.

“तवा म्या एकदा तरी कान लावून बगाया पायजे हुतं,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “फोटूत काय आलं, बाई?”

सांगायचं काम माझं नव्हतं, डॉक्टरांचं होतं. मी तिला तसं म्हणाले. पण माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तिनं पदर तोंडाला लावला होता.

सरांनी दोघींना एकत्र बसवून सांगितलं. व्ह्यू बॉक्सवर फोटो लावला आणि पेन टेकवून दाखवलं. हे डोकं, ही पाठ, हे पाय. आतड्याला आजार नाही, गाठ नाही, नुसता दाब आहे. आजी स्टुलावर ताठ बसली होती. पेनाच्या टोकाबरोबर तिचे डोळे फिरत होते. तिला आश्चर्य वाटलं नाही. लांबच्या नातलगाला ओळखावं तसं ती त्याच्याकडे बघत राहिली, थोडी मान कलती करून. रडली ती सवत. खाली फरशीवर बसून तिनं आजीचे पाय धरले. आजीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला खरा, पण नजर फोटोवरून काढली नाही.

सर म्हणाले की पुण्याला ऑपरेशन होऊ शकतं. वय आहे, ते आतड्याला चिकटलेलं असणार, धोका आहे, पण होऊ शकतं.

आजीनं विचारलं, “काडल्यावर कुनाजवळ देनार?”

सर खोटं बोलले नाहीत. ते म्हणाले की आधी तपासायला लॅबमध्ये जाईल. असं फार क्वचित सापडतं, म्हणून शिकणाऱ्या मुलांना दाखवायला बरणीत ठेवतीलही.

“मंग न्हाई,” आजी म्हणाली. “माजं माज्यापाशीच ऱ्हाऊ द्या.”

सरांनी फार समजावलं नाही. शौचाला मऊ होईल असं औषध दिलं, पाणी भरपूर प्यायला सांगितलं, पोट फुगलं किंवा उलट्या लागल्या तर ताबडतोब या म्हणाले. मी नेहमीप्रमाणे सांगितलं की दोन दिवस शौचाला पांढरं होईल, घाबरू नका. फोटो मोठ्या पाकिटात घालून दिले. आजीनं साधा फोटो बाहेर काढून वेगळा धरला. बेरियमचे तिला नको होते. पाकीट सवतीनं काखेत घेतलं, आणि दोघी दुपारच्या गाडीला गेल्या.

त्यानंतर बरेच दिवस मला डार्करूममध्ये शिरायला जड जायचं. कुणाचाही फोटो असो, पायाचा असो की छातीचा, टाकीत हलवताना मी नजर आधी कडेला ठेवायचे. एकदम समोर बघायची नाही. एका तरण्या बाईच्या पोटाच्या फोटोत आतड्यातल्या हवेचा आकार बघून मी इतकी दचकले की फिल्म हातातून सुटून फिक्सरमध्ये पडली. घरी हे कुणाला सांगितलं नाही. फक्त आईला सांगितलं. आई म्हणाली की अशा बाया आधीही असतील, फोटो नव्हते म्हणून त्यांना वेडं म्हटलं. एवढं बोलून ती तांदूळ निवडायला लागली.

तीन वर्षांनी, उन्हाळ्यात, सवत एकटी दवाखान्यात आली. तोवर आमच्याकडे नवं मशीन आलं होतं आणि डार्करूममध्ये खोकी भरलेली होती. ती वारलेल्या माणसाच्या घरातून आल्यासारखी दिसत होती, म्हणून मी तिला आत बसवून पाणी दिलं. आजी महिन्याभरापूर्वी गेली होती. आतड्यानं नाही, तापानं. तीन दिवसांत.

मग तिनं जे सांगितलं ते मी शक्य तितकं तसंच सांगते. माती करायची वेळ आली तेव्हा भावकीत वाद झाला. फोटोबद्दल वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. आजी तो दारात बसून उन्हाकडे धरायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायची. लोक बघायचे आणि पुढे गेल्यावर थुंकायचे. आता म्हातारे म्हणाले की बाई पोटुशी आहे, आणि पोटुशी तशीच जाळत नाहीत. लेकराला मातीच द्यावी लागते. कुणी म्हणालं, पन्नास वर्षांची पोटुशी कसली. कुणी म्हणालं, दोघांना पुरूनच टाका. दुपार टळली तरी ठरेना. शेवटी सवत बाहेर आली आणि म्हणाली की आक्कानं मला सांगून ठेवलंय. तिला अग्नी द्या. जे उरेल ते मी बघेन.

तिसऱ्या दिवशी पुरुष राख सावडायला गेले, तेव्हा ही त्यांच्याबरोबर गेली. बायका तिथे जात नाहीत. तिला दोघा-तिघांनी अडवलं, ती थांबली नाही. ओढ्याकाठी राख निवली होती. आजीची हाडं हात लावताच भुगा होत होती, पण मधोमध, राखेखाली, ते तसंच होतं. टरफल तडकलेलं, एका बाजूनं काळं पडलेलं. पण वाकलेलं, पाय पोटाशी घेतलेलं. आधी तिघं-चौघं मागं सरले. मग सवतीच्या पुतण्यानं, तिची मुलं पुण्याहून वेळेत पोचली नव्हती म्हणून ज्यानं अग्नी दिला होता, आपलं उपरणं काढून तिच्या हातात दिलं.

“लई जड न्हवतं,” ती मला म्हणाली. “आन ऊन हुतं. बाकीची राक गार, तेवडंच ऊन.”

तिनं ते उपरण्यात गुंडाळलं, घराच्या मागच्या खाचराच्या बांधावर खड्डा केला आणि मीठ घालून पुरलं. वर दगड ठेवला, कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. बाराव्या दिवशी आजीचं बारावं झालं आणि त्याच संध्याकाळी हिनं एकटीनं बांधावर बसून त्याचं नाव ठेवलं. काय ठेवलं, असं मी विचारलं. तिनं सांगितलं नाही.

ती माझ्याकडे आली होती ती वेगळ्याच कामाला. तिनं पिशवीतून तो साधा फोटो काढला. कडा मोडल्या होत्या, बोटांच्या ठशांनी तो धुरकट झाला होता. तिला एक विचारायचं होतं. आक्का शेवटपर्यंत मुलगी म्हणत आली होती. ते फोटोत दिसतं का?

व्ह्यू बॉक्स खोक्यांच्या मागे होता. मी तो ओढून काढला, वायर जोडली. दोन-तीनदा फडफडून उजेड लागला. मी फोटो लावला आणि आम्ही दोघी जवळ उभ्या राहिलो. तिनं अशा उजळ काचेवर तो त्या पहिल्या दिवसानंतर बघितलाच नव्हता. मी तिला खरं तेच सांगितलं की इतक्या लहान हाडांवरून मुलगा की मुलगी हे कुणालाच सांगता येत नाही. सरांनाही नाही.

तिनं मान डोलावली.  मग पुढे होऊन तिनं व्ह्यू बॉक्सच्या काचेला कान लावला.

 बाहेर पेशंटचा नंबर पुकारला जात होता. ती डोळे मिटून तशीच उभी होती. थोड्या वेळानं ती सरळ झाली, पदर नीट केला आणि फोटो काढून द्यायला सांगितला. काही ऐकू आलं का, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. हिर्डोशीची गाडी चुकेल म्हणाली आणि फोटो छातीशी धरून निघून गेली.